दुबई : आई-बाबांना घेऊन जायचंय, काचेच्या इमारतींपलीकडे काय आहे?

रानजाई

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा आणि लेकीला घेऊन दुबईला जायचं चाललंय. आई-बाबा दोघंही सत्तरी ओलांडलेले, लेक आठवीत. ज्या ज्या टूरवाल्यांना विचारलं त्या सगळ्यांचा कार्यक्रम सारखाच : बुर्ज खलिफा, दुबई मॉल, मरीनात बोटीवर जेवण, मिरॅकल गार्डन, वाळवंटातली सफारी आणि शेवटच्या दिवशी सोन्याचा बाजार. लेक खूश आहे. बाबांची मात्र कळी खुलत नाहीये. ते आयुष्यभर मुंबई गोदीत नोकरीला होते. "उंच इमारती आता परळलाही आहेत, त्या बघायला समुद्र कशाला ओलांडायचा?" हे त्यांचं म्हणणं. मलाही हाच प्रश्न पडलाय. या शहराचं स्वतःचं असं काही आहे का? असेल तर ते कुठे बघायचं?

बाबांना मणक्याचा त्रास आहे, सफारी झेपेल का? आईला फार चालवत नाही. मावसबहीण तिथे असते, तिच्यासाठी घरचा फराळ न्यायचाय. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी सविस्तर लिहा.

टपोरा_तारा

बुर्ज खलिफा चुकवू नका. ८२८ मीटर! १२४व्या मजल्यावर लिफ्ट मिनिटभरात नेते, कानाला दडे बसतात. सूर्यास्ताच्या वेळचं तिकीट महाग असतं, सकाळचं घ्या. खाली कारंजं फुकट.

निवांत_नागपूरकर

डिसेंबरात जाताय हे फार चांगलं केलं. जुलै-ऑगस्टात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेवढं आम्ही नागपूरकर सोसतो हो, पण तिथे समुद्राची दमट हवा वर येऊन बसते. डिसेंबरात दिवसा पंचविशीच्या आसपास, रात्री आईसाठी स्वेटर ठेवा.

वडाची_पारंबी

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो. मी जाऊन आलो आणि पुन्हा जाणार नाही. वाळवंटात बर्फाचं स्कीइंग, वाळवंटात फुलांची बाग, समुद्रात भराव टाकून खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट. पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं पाणी गोडं करून मिळतं, म्हणजे प्रत्येक पेल्यामागे इंधन जळतं. त्याच पाण्यावर हिरवळ राखायची! आणि हे सगळं कोणी उभं केलं? आपल्या, नेपाळच्या, बांगलादेशच्या, पाकिस्तानच्या मजुरांनी. ते तुम्हाला मॉलमध्ये दिसणार नाहीत. तेलाचा पैसा आहे, उधळतायत. तुमच्या बाबांशी मी शंभर टक्के सहमत.

खाडीकाठ

रानजाई, बाबा गोदीतले आहेत हे वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं खाडीकाठच्या जुन्या भागात, बर दुबईत राहते. बाबांना दुबई आवडेल, फक्त तिच्याकडे बंदर म्हणून बघायला हवं.

वडाची_पारंबी, मजुरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, पण "तेलाचा पैसा" हे अर्धंच खरं आहे. दुबईत तेल सापडलं १९६६ मध्ये आणि निर्यात १९६९ मध्ये सुरू झाली. त्याच्या आधीच इथले राज्यकर्ते शेख रशीद यांनी कर्ज काढून खाडीतला गाळ उपसून घेतला होता, मोठी गलबतं आत यावीत म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या राज्यकर्त्यांनी आयातीवरची जकात माफ केली, तेव्हा पलीकडच्या इराणी किनाऱ्यावरचे व्यापारी इथे येऊन वसले. १९७२ मध्ये पोर्ट रशीद झालं, १९७९ मध्ये जेबेल अली. दुबईचं तेल अबू धाबीच्या मानानं थोडंच होतं आणि ते आटणार हे ठाऊक होतं. म्हणून त्या पैशातून आधी धक्के बांधले. विमानतळ, विमान कंपनी, मॉल ही सगळी त्याच बंदराची पुढची पिढी. माल आणा, माणसं आणा, जकात कमी ठेवा, हा धंदा या शहराला शंभर वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे.

आता बघायचं कसं ते. ग्रीन लाइन मेट्रोनं अल घुबैबाला उतरा. तिथून शिंदगा जवळच आहे, खाडीच्या तोंडाशी. शेखांच्या कुटुंबाची जुनी घरं नीट करून तिथे मोठं संग्रहालय केलंय. मोती, खाडी, अत्तरं, एकेका विषयाला वेगळी घरं आहेत. मग काठाकाठानं बर दुबईच्या जुन्या बाजारातून अब्राच्या धक्क्यावर या. अब्रा म्हणजे लाकडी होडी, मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून माणसं बसतात. पलीकडे देराला जायचं भाडं एक दिरहम. सुटी नाणी जवळ ठेवा. चढताना होडी हलते, आईला हात द्या, नावाडीही देतात.

पलीकडे उतरलात की मसाल्यांचा बाजार आणि पुढे सोन्याचा. पण बाबांना आधी धक्क्यावर न्या. इराण, सोमालियाकडे जाणारी लाकडी गलबतं तिथे लागतात आणि फ्रिज, टायर, गाद्या, खोकी असा सगळा माल धक्क्यावर उघडा रचलेला असतो. खलाशांत गुजराती बोलणारेही भेटतात. बाबा तिथून लवकर हलणार नाहीत, तेव्हा वेळ राखून जा.

पिंपळपान

खाडीकाठ, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

यात मुंबईचा धागा जोडतो. आखातातला मोती मुंबईच्या बाजारात विकला जायचा, तिथून युरोपात. जपानी संवर्धित मोती आले आणि १९३०च्या सुमारास जागतिक मंदी आली, त्या दुहेरी तडाख्यात तिथला मोत्याचा धंदा बसला. आणि दुबईत तेव्हा आपलाच रुपया चालायचा! तिथून रुपये देऊन सोनं चोरून भारतात यायचं, परकीय चलन झिरपायचं, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईनं रुपया सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये. गोदीत काम केलेल्या माणसाला हे ऐकून नक्की काहीतरी आठवेल. त्यांच्याकडून ऐका आणि इथे लिहा.

चकलीचा_सोऱ्या

फराळाबद्दल अतिशय महत्त्वाचं. अनारसे नेऊ नका. खसखस यूएईत अमली पदार्थांत मोडते, एक चमचाही चालत नाही. गोडा मसाला, मालवणी मसाला, खसखस घातलेले लाडू, सगळं घरी ठेवा. घरच्या मसाल्यात खसखस आहे की नाही हे आईलाच विचारा, कारण विकतच्या पाकिटावर निदान लिहिलेलं असतं. विड्याचं पान आणि गुटखाही नाही. चकली, शंकरपाळे, चिवडा बिनधास्त न्या.

टपोरा_तारा

अनारसे न्यायचे नसतील तर माझा पत्ता खाजगी निरोपानं पाठवतो. :)

चकलीचा_सोऱ्या

रांगेत या, माझा नंबर आधी.

बाबांच्या औषधांचंही बघा. मणक्याच्या दुखण्यावर ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या बऱ्याचदा देतात. ट्रामाडॉल आणि कोडीन तिथे नियंत्रित औषधं आहेत. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असतं. अशी औषधं असतील तर तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर आधी परवानगी काढावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह, आणि गोळ्या मूळ पाकिटात.

रानजाई

बापरे! अनारसे तर आईनं करायलाही घेतले होते. आणि बाबांच्या गोळ्यांत ट्रामाडॉल आहे, आत्ताच बघितलं. चकलीचा_सोऱ्या, तुमचे किती आभार मानू? डॉक्टरांना उद्याच गाठते.

खाडीकाठ, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, "अरबांची गलबतं आमच्याकडे भाऊच्या धक्क्याला यायची." मग तासभर बोलत होते. लेक गुपचूप ऐकत होती.

दाभोळखाडी

मजुरांचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमच्या खेड-दापोली भागात क्वचितच असं घर असेल ज्यातला एक माणूस आखातात गेला नाही. माझे अब्बा शटरिंग सुतार होते. मी लहान असताना ते फक्त सुट्टीत दिसायचे. गावातलं आमचं चिऱ्याचं घर, बहिणीचं लग्न, माझं शिक्षण, सगळं त्या पैशांवर झालं.

हाल झाले का? झाले. एका खोलीत दाटीवाटीनं राहणं, पहाटे बसनं साइटवर, रात्री परत. त्यांच्या ठेकेदारानं पासपोर्ट काढून घेतला होता. तसं करणं तिथल्या कायद्यात बसत नाही, पण एजंटाचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस तक्रार कुठे करणार? आता काही गोष्टी सुधारल्यात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेता येत नाही, हा नियम आहे आणि तो पाळला जाताना मी स्वतः पाहिलाय. पण एजंटांची लूट आपल्याकडे सुरू होते, मुंबईत, गावात. तिचा दोष दुबईच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

वडाची_पारंबी, तुमचा राग मला समजतो. पण तिथे जाऊ नका असं मला कोणाला सांगवत नाही. माझे अब्बा बुर्ज खलिफाच्या फोटोकडे बोट दाखवून "हे आम्ही बांधलं" म्हणतात. त्या इमारतीवर ते नव्हते, शेजारच्या कामांवर होते. तरी "आम्ही" म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. रानजाई, लेकीला वर नेलंत तर हे जरूर सांगा. टॅक्सीवाल्याशी, हॉटेलातल्या सफाईवाल्याशी दोन शब्द बोला, गाव विचारा. बक्षिसी त्यांच्या हातात द्या.

वडाची_पारंबी

दाभोळखाडी, तुमचं लेखन दोनदा वाचलं. अब्बांना माझा नमस्कार सांगा. पाण्याच्या उधळपट्टीबद्दल माझं मत कायम आहे, मात्र "उधळतायत" म्हणताना मी तिथे राबणाऱ्या माणसांचा अभिमान मोजला नव्हता.

यंत्रमानव

पाण्याबद्दल थोडं. या क्षेत्रात काम करतो म्हणून. जेबेल अलीला वीज तयार होताना जी उष्णता वाया गेली असती तीच पाणी गोडं करायला वापरतात. रस्त्याकडेच्या हिरवळीला बहुतेक करून सांडपाणी शुद्ध करून देतात. बुर्ज खलिफात ए.सी.च्या यंत्रणेत साचणारं पाणी गोळा करून आवारातल्या झाडांना घालतात, दमट हवेमुळे ते भरपूर मिळतं. तरी ऊर्जा फार लागते आणि खारं पाणी परत समुद्रात जातं, हा मुद्दा राहतोच.

त्याच शहरात १६ एप्रिल २०२४ ला इतका पाऊस पडला की १९४९ पासूनच्या नोंदींत तसा नव्हता. विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली. पावसाचं पाणी वाहून न्यायला गटारंच पुरेशी नव्हती.

मोगरा_गजरा

सफारीबद्दल कोणीच बोललं नाही! मणक्याचा त्रास असलेल्यांनी गाडीनं टेकड्यांवर उड्या मारणं अजिबात करू नये. काही ठिकाणी गाडी कमरेतून हिसका देते, चांगल्या माणसाची पाठ धरते. ज्येष्ठांसाठी दुबई डेझर्ट कॉन्झर्व्हेशन रिझर्व्हमधली शांत फेरी घ्या. परवाना असलेल्या मोजक्याच संस्था तिथे नेतात. अरबी ओरिक्स बघायला मिळतात : पांढरेशुभ्र, लांब सरळ शिंगांचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही जात जंगलातून संपली होती, बंदिवासातली जनावरं वाढवून पुन्हा वाळवंटात सोडली. आमच्या घरच्यांना मॉलचं काही लक्षात नाही, ओरिक्सची जोडी अजून आठवते.

गाडी ठरवलीत तर रास अल खोरही करा. शहराच्या ऐन मध्यात, खाडीच्या शेवटाला रोहित पक्ष्यांचे थवे. लपणगृहं बांधलीत, दुर्बिणी असतात, प्रवेश फुकट, चालणंही फारसं नाही. मागे इमारतींची रांग आणि पुढे गुलाबी पक्षी. हिवाळ्यातच ते मोठ्या संख्येनं असतात, म्हणजे तुमची वेळ अगदी बरोबर.

सुपारी_फोडी

अबू धाबीला एक दिवस द्या. शेख झायेद मशीद, ८२ घुमट, प्रवेश फुकट, आधी नोंदणी. बायकांनी डोकं झाकायचं, हातपाय झाकलेले हवेत. वाटेतच अबू मुरेखाला २०२४ मध्ये झालेलं स्वामीनारायणाचं मंदिर आहे. राजस्थानचा गुलाबी दगड, सात अमिरातींची सात शिखरं. जमीन अबू धाबीच्या तेव्हाच्या युवराजांनी दिली. आई-बाबांना दोन्ही एकाच दिवशी दाखवा. आमच्या आईनं मशिदीतही हात जोडले आणि मंदिरातही, आणि दोन्हीकडे तिथल्या लोकांनी तिला बसायला खुर्ची आणून दिली.

खवय्या_गिरगावकर

धागा एवढा लांबला आणि खाण्याचं काहीच नाही!

अल फहिदी भागात शेख मोहम्मद यांच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. तिथे स्थानिक एमिराती माणसं पाहुण्यांना न्याहारी-जेवण देतात आणि त्यांच्या धर्माबद्दल, कपड्यांबद्दल, लग्नांबद्दल काहीही विचारू देतात. खरोखर काहीही. दुबईत एमिराती दहात जेमतेम एक, एरवी त्यांच्याशी बोलायची संधी मिळत नाही. बलालीत मिळालं तर खा : गोड शेवया आणि वर चक्क ऑम्लेट. माझ्या बायकोला पटलं नाही, मी दुसऱ्यांदा घेतलं. लुकेमात म्हणजे खजुराच्या पाकातले गरम गोळे, हे लेकीसाठी. बैठक जमिनीवर असते, बाबांसाठी खुर्ची आधी सांगून ठेवा.

तिथली जुनी घरं बघताना छपरावरचे चौकोनी मनोरे दाखवा, बारजील म्हणतात. चारी बाजूंनी वारा पकडून खाली खोलीत सोडतात. वीज नव्हती तेव्हाचा ए.सी.

शाकाहारी असाल तर मीना बाजार, करामा या भागांत जा. उपाशी राहणं अशक्य. करक चहा (तिथला कडक दुधाचा चहा) टपरीवरचाच प्या.

टपोरा_तारा

सोनं घ्यायचं का? स्वस्त पडतं म्हणतात.

सुपारी_फोडी

भावात फरक असतो, पण घडणावळीवर घासाघीस करायला हवी. आणि परतताना कस्टम्स! दागिन्यांवरची ठराविक ग्रॅमपर्यंतची करसूट वर्षभराहून जास्त परदेशात राहिलेल्यांना आहे, सहलीला गेलेल्यांना नाही. नवं सोनं घेतलंत तर पावती जवळ ठेवा आणि लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करा. आईचे अंगावरचे जुने दागिने असतील तर निघतानाच भारतात कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. टूर रद्द केली, आपली आपण जाणार. डॉक्टरांनी बाबांची गोळी बदलून दिली. साधारण असं ठरवलंय :

पहिला पूर्ण दिवस खाडी. शिंदगा, अब्रा, देराचा धक्का, बाबा म्हणतील तोवर. दुसऱ्या दिवशी अल फहिदीत न्याहारी आणि दुपारी रास अल खोर. एक दिवस अबू धाबी. एक दिवस रिझर्व्ह. लेकीसाठी बुर्ज आणि कारंजं ३१ तारखेला ठेवलंय, रोषणाईही बघता येईल. मेट्रोनं फिरायचा विचार आहे. काही चुकतंय का?

खाडीकाठ

बेत छान आहे, फक्त ३१ बदला! त्या संध्याकाळी बुर्जच्या आसपासचे रस्ते बंद करतात, दुबई मॉलचं मेट्रो स्टेशनही संध्याकाळीच बंद होतं आणि लाखो माणसं पायी परततात. आई-बाबांना घेऊन तिथे अडकू नका. बुर्ज २८-२९ ला, तेही सकाळी. ३१ ची रोषणाई बहिणीच्या गच्चीवरून किंवा टीव्हीवर.

मेट्रो उत्तम आहे. नोल कार्ड (तिथलं प्रवासाचं कार्ड) घ्या. बायका-मुलांसाठी वेगळा डबा असतो, पण बाबा सोबत असतील तर तुम्हाला साध्या डब्यातच बसावं लागेल, चुकून त्या डब्यात पुरुष शिरला तर दंड. आत खाणंपिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही, च्युइंगगमही नाही, तेही दंडाचंच. दुबई मॉलला स्टेशनपासून मॉलपर्यंत लांबलचक बंदिस्त पूल आहे. सरकते पट्टे आहेत, तरी आईसाठी त्या दिवशी टॅक्सीच करा, मॉलच्या दारात उतरता येतं. रस्ता वाट्टेल तिथून ओलांडू नका, दंड आहे.

व्हॉट्सअपचे कॉल तिथे लागत नाहीत, संदेश जातात. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर इथे सगळे काळजी करत बसतील.

दाभोळखाडी

देराच्या धक्क्यावर सकाळीच जा, माल चढवायचं काम तेव्हा जोरात असतं. कोणाचा फोटो काढायचा तर आधी विचारा. परवानगीशिवाय माणसांचे फोटो काढणं तिथे गुन्हा आहे. विचारलंत तर खलाशी स्वतःच उभे राहतात.

मोगरा_गजरा

आणि रिझर्व्हची नोंदणी आजच करा, नाताळच्या आठवड्यात जागा मिळत नाहीत. करताना बाबांच्या पाठीचं लिहा, म्हणजे ते पुढची सीट देतील.